प्लॅनबरोबर सेक्शनही बघा : घराचं क्षेत्र मोजणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईत घरांचं मूल्यांकन करणारे नोंदणीकृत व्हॅल्युअर, त्यांच्या संघटना, आणि त्यांच्या अहवालावर कर्ज मंजूर करणारे बँकांचे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

एकाच घराचे तीन व्हॅल्युएशन रिपोर्ट माझ्यासमोर आहेत. एकात घराचं कार्पेट क्षेत्र, म्हणजे घराच्या आतली वापरण्याजोगी जागा, ५४४ चौरस फूट, दुसऱ्यात ६७३ आणि तिसऱ्यात ९८०. तिन्हींवर सही आहे, शिक्का आहे, नोंदणी क्रमांक आहे. तिन्ही थोड्याच काळाच्या अंतराने झालेले. मधल्या काळात घराची एक वीटही इकडची तिकडे झालेली नाही. कुणी मुद्दाम खोटं लिहिलं असं मला वाटत नाही, आणि तसा आरोपही मी करत नाही. प्रत्येकाने आपापल्या समजुतीने मोजलं, आणि ती समजूत काय होती ते रिपोर्टात कुठेही लिहिलं नाही. माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

हे घर मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर आहे. प्लॉट उतरता, म्हणून वास्तुविशारदाने इमारत दोन भागांत उभी केली आणि एका भागाचे स्लॅब दुसऱ्यापेक्षा अर्ध्या मजल्याने सरकवले. दारातून आत आलं की हॉल. हॉलमधून आठ पायऱ्या खाली गेलं की स्वयंपाकघर, जेवणाची जागा आणि एक खोली. हॉलमधूनच आठ पायऱ्या वर गेलं की दोन बेडरूम. वरची पातळी बरोबर खालच्या पातळीच्या डोक्यावर येते. दोन्हींमध्ये स्लॅब वजा जाता नऊ फूट सात इंच उंची मिळते, म्हणजे २.९ मीटरच्या थोडी वर. राहत्या खोलीला किमान २.७५ मीटर उंची लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. हॉलच्या पोटात, खालच्या पातळीवरून आत शिरता येईल अशी साडेचार फूट उंचीची कोठी आहे. तिथे वाकूनच जावं लागतं. आमच्याकडे गाद्या, पिंप आणि गणपतीचं मखर तिथे असतं.

अशा घरांना स्प्लिट लेव्हल म्हणतात. मुंबई सपाट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी मलबार हिल, पाली हिल, पवई, घाटकोपर, भांडुप, मुलुंड इथल्या जुन्या सोसायट्या बघाव्यात. उतार कापून सपाट करण्याऐवजी त्याच्यावरच बसवलेली अशी घरं आहेत, आणि त्यांच्यात माणसं वर्षानुवर्षं राहत आहेत.

मी आयुष्यभर बांधकामाचे नकाशे काढण्याची नोकरी केली. आधी ड्रॉइंग बोर्डावर, नंतर कॉम्प्युटरवर. त्यामुळे हे रिपोर्ट वाचताना आकड्यांपेक्षाही मला एक गोष्ट जास्त खटकली : तिन्ही रिपोर्टांत एकही सेक्शन नाही. वरून दिसणारा प्लॅन आहे, तोही एकात हाताने काढलेला. पण घर उभं कापलं तर कसं दिसेल, कुठली जमीन कुठल्या जमिनीपेक्षा किती वर, कुठे डोकं लागतं आणि कुठे नाही, हे कुणीच काढलेलं नाही. एका पातळीवरच्या फ्लॅटला प्लॅन पुरतो. पायऱ्यांच्या घराला तो पुरत नाही. पालिकेच्या मंजूर नकाशात सेक्शन असतोच, आणि तो मंजूर नकाशा मी टेबलावर ठेवला होता.

यात माझं काय अडलं आहे, तेही सांगते. आई-वडील गेले. घरावर माझा आणि माझ्या थोरल्या बहिणीचा समान हक्क आहे. ताई नाशिकला असते, तिला तिचा वाटा पैशांत हवा आहे, मला घर राखायचं आहे. म्हणजे मी कर्ज काढायचं आणि तिला तिचे पैसे द्यायचे. यात भांडण्यासारखं काहीही नव्हतं. मग बँकेने नेमलेल्या व्हॅल्युअरचा रिपोर्ट आला, ५४४. ताईने आपल्या बाजूने एकांना बोलावलं, त्यांचा आला ९८०. दोन्हींत ४३६ चौरस फुटांचा फरक. उदाहरणापुरता दर चौरस फुटाला २५,००० रुपये धरला, तरी हा फरक १ कोटी ९ लाखांचा होतो आणि ताईच्या अर्ध्या वाट्यात साडेचोपन्न लाखांचा. ज्या बहिणीने मला हाताला धरून शाळेत नेलं तिला वाटलं, मी बँकेच्या माणसाला सांगून आकडा कमी करून घेतला. तिने तसं बोलून दाखवलं. तिला मी दोष देत नाही, कारण तिच्या हातात दोन सहीचे कागद होते आणि त्यांच्यात तफावत का आहे हे एकाही कागदावर लिहिलेलं नव्हतं. ६७३ चा तिसरा आकडा सोसायटीच्या पुनर्विकासाच्या तयारीतून आला, त्याबद्दल पुढे लिहिते.

आता हे आकडे कसे आले ते बघा. मी स्वतः टेप धरून, प्लास्टर ते प्लास्टर मोजलं आहे. हॉलची पातळी २८६ चौरस फूट. खालची २५८. वरची २५८. दोन जिने, प्रत्येकी २२. कोठी ९०.

५४४ म्हणजे हॉल आणि वरची पातळी. खालची पातळी पूर्ण गायब. रिपोर्टात तिच्यासाठी एकच शब्द आहे, ‘बेसमेंट’. व्हॅल्युअर रस्त्याच्या बाजूने आले, हॉलच्या दारात उभे राहिले, आठ पायऱ्या खाली बघितल्या आणि जमिनीखालचा भाग म्हणून तो सोडून दिला. इमारतीला मागून वळसा घातला असता तर त्याच पातळीच्या खिडक्या बागेवर उघडतात हे दिसलं असतं. तिथे दुपारभर ऊन येतं. त्या स्वयंपाकघरात आईने सगळा संसार केला, आणि मागच्या खोलीत आजी शेवटपर्यंत राहिली. मंजूर नकाशात ती जागा स्वयंपाकघर आणि खोली म्हणूनच दाखवलेली आहे. उतारावरच्या घराला एक बाजू जमिनीला टेकलेली असणारच. रस्ता कुठल्या अंगाने जातो यावरून एखादी खोली राहती की नाही हे कसं ठरेल?

९८० मध्ये याच्या उलट झालं. तिन्ही पातळ्या धरल्या, ते बरोबर. पण प्रत्येक जिना दोनदा धरला, एकदा खालच्या पातळीत आणि एकदा वरच्या. वर कोठीही पूर्ण ९० फूट, राहत्या क्षेत्रात. ज्या जागेत माणूस ताठ उभा राहू शकत नाही तिला बेडरूमचा दर लावला. राष्ट्रीय बांधकाम संहितेत लॉफ्टची व्याख्या जास्तीत जास्त १.५ मीटर उंचीची साठवणीची जागा अशी आहे. आमची कोठी १.३७ मीटर भरते. ती साठवण आहे. तिला किंमत आहे, पण ती खोली नाही.

माझ्या हिशेबाने तिन्ही पातळ्या मिळून ८०२ होतात, आणि जिने एकेकदा धरले तर ८४६. जिने धरायचे की नाहीत यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो, हे मला मान्य आहे. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम २(के) मध्ये कार्पेट क्षेत्राची व्याख्या आहे : घरातली निव्वळ वापरण्याजोगी जमीन, त्यातून बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, खास त्या घराची बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची वजा, पण आतल्या विभाजक भिंती धरून. त्या व्याख्येत आतल्या जिन्याचा उल्लेख नाही, आणि छताच्या उंचीचाही नाही. उलट भारतीय मानक आयएस ३८६१ कार्पेट क्षेत्रातून जिना वजा करायला सांगतं. तेच मानक जोत्याचं क्षेत्र (भिंती धरून मजल्याचं एकूण क्षेत्र) मोजताना तळघर, मजले आणि मेझानाइन (दोन मजल्यांमधला अर्धा मजला) वेगवेगळे मोजायला सांगतं. म्हणजे कायद्यात मोकळी जागा आहे, आणि मानकाचा कल दुसरीकडे आहे. अशा वेळी व्हॅल्युअरने आपण कुठला आधार घेतला हे एका ओळीत लिहायला हवं. ८०२ लिहा किंवा ८४६ लिहा, कारण लिहिलंत तर मी आणि ताई दोघीही मान्य करू.

अमेरिकेत अशा घरांचा प्रश्न आपल्यापेक्षा खूप मोठा आहे, कारण तिथे उपनगरांतून स्प्लिट लेव्हल घरं भरपूर बांधली गेली. तिथे एकेका कुटुंबाच्या घराचं क्षेत्र मोजण्यासाठी अ‍ॅन्सी झेड ७६५ नावाचं मानक आहे, आणि फॅनी मे या गृहकर्ज विकत घेणाऱ्या संस्थेने १ एप्रिल २०२२ पासून आपल्यासाठी होणाऱ्या मूल्यांकनांना ते सक्तीचं केलं. त्यात सपाट छताची उंची किमान सात फूट लागते. तिरप्या छताखाली पाच फुटांहून कमी उंचीची जागा मोजायची नाही. जिना ज्या मजल्यावरून खाली उतरतो त्या मजल्यात, एकदाच. दुहेरी उंचीच्या हॉलवरची पोकळी मोजायची नाही. आणि एखाद्या पातळीचा थोडा भाग जरी जमिनीखाली असला तरी ती पूर्ण पातळी ‘जमिनीखालची’ म्हणून वेगळी दाखवायची.

हा शेवटचा नियम आपण जसाच्या तसा उचलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जिथे बहुतेक घरांना खरंखुरं तळघर असतं तिथे तो चालत असेल. मुलुंडच्या उतारावर तो लावला तर अख्खं स्वयंपाकघर जमिनीखाली जातं. पण त्या नियमातही एक शिस्त आहे, ती बघा : ती पातळी वेगळी ‘दाखवायची’ असते, पुसून टाकायची नसते. तिचं क्षेत्र लिहिलं जातं, तिचं मूल्य वेगळं धरलं जातं, आणि वाचणाऱ्याला कळतं की तिथे काहीतरी आहे. माझ्या रिपोर्टात २५८ चौरस फूट कुठल्याच रकान्यात नाहीत.

आता ६७३ बद्दल. आमच्या सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालचे ४ जुलै २०१९ चे निर्देश आणि त्यातली प्रक्रिया तुम्हाला माहीत आहे. सभासदाला नवीन घर किती मिळणार हे प्रत्यक्षात त्याच्या आजच्या कार्पेट क्षेत्रावर ठरतं : आहे तेवढं, अधिक काही टक्के. जो आकडा आज कागदावर चढेल तो पुढच्या पिढीपर्यंत पोचणार. त्या मोजणीत आमची वरची पातळी ‘मेझानाइन’ ठरवून निम्मी धरली गेली. २५८ चे १२९ झाले. दोन बेडरूम, पूर्ण उंचीच्या, स्वतःच्या खिडक्या असलेल्या, पण पायऱ्या चढून जावं लागतं म्हणून निम्म्या. आमच्याच इमारतीतले वरच्या मजल्यांवरचे शेजारी याच रचनेच्या घरांत राहतात, आणि त्यांच्याकडेही हाच हिशेब लागला आहे. बहुतेकांना अजून कळलेलंही नाही.

हे फक्त डोंगरावरच्या लोकांचं दुखणं नाही. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींत उंच छताखाली पोटमाळे आहेत आणि त्यांवर संसार झाले आहेत. चारकोप-गोराईच्या छोट्या घरांवर हळूहळू वरचे माळे चढले. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ आहे. ४७० फुटांच्या खोलीत पोटमाळ्याचे साठ फूट धरायचे की नाहीत, यावर तिथे दरवर्षीचं बिल ठरतं. तिथला मालक वकील गाठत नाही, वास्तुविशारदही नाही. तो आकडा वाचतो आणि पैसे भरतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती या धंद्यातल्या माणसांनाच समजेल, पण नुकसान तिथेही मोठं होतं. तुम्ही दर कुठून काढता? शेजारच्या इमारतींत झालेल्या विक्रीतून. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या कराराचा सरकारी उतारा, काढता, किंमत भागिले क्षेत्र, की दर आला. पण त्या इंडेक्स टू वर जे क्षेत्र आहे ते जुन्या करारात बिल्ट-अप (भिंती धरून मोजलेलं) असतं, नव्यात रेराचं कार्पेट, आणि एखाद्या जुन्या स्प्लिट लेव्हल घराच्या करारात तर तीन पातळ्यांचं एकत्र बिल्ट-अप. बिल्ट-अपवर भागून काढलेला दर कमी येतो. तो दर माझ्या कापलेल्या कार्पेटला लावला की घर दोन्हीकडून लहान होतं. तुलनेच्या विक्रीचं क्षेत्र आणि मूल्यांकनाच्या घराचं क्षेत्र एकाच मापाने मोजलेलं हवं, हा मूल्यांकनाचा पहिला धडा आहे. ज्या रिपोर्टात तुलनेच्या घरांपुढे ‘कार्पेट’ की ‘बिल्ट-अप’ एवढंही लिहिलेलं नाही, त्यातला दर कशाचा आहे?

बँकेच्या अधिकाऱ्यांना वेगळं सांगायचं आहे. व्हॅल्युएशनची फी माझ्याकडून घेतली गेली. रिपोर्ट मागितला तेव्हा तो अंतर्गत कागद असल्याचं सांगितलं गेलं. शेवटी खूप विनंत्या केल्यावर तो बघायला मिळाला, आणि तेव्हाच ‘बेसमेंट’ हा शब्द समजला. पंचाहत्तर लाखांवरच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार मूल्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. मूल्यातून अडीचशे चौरस फूट गेले की कर्जाची रक्कम त्याच प्रमाणात खाली येते, आणि कर्जदाराला कारण माहीत नसतं. ज्या कागदावर माणसाचं घर राहणार की जाणार हे ठरतं, तो त्याने वाचायला हवा.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. त्या साध्या आहेत, आणि आज कुठलाही कायदा न बदलता पूर्ण करता येण्यासारख्या आहेत.

एकापेक्षा जास्त पातळ्या असलेल्या प्रत्येक घराच्या रिपोर्टात पातळीवार तक्ता द्या. पातळी, दाराच्या जमिनीपासून तिची उंची किंवा खोली, छतापर्यंतची मोकळी उंची, क्षेत्र, वापर, आणि राहत्या क्षेत्रात धरली की नाही. धरली नसेल तर एका ओळीत कारण.

त्या तक्त्यासोबत एक सेक्शन जोडा. पेन्सिलने काढलेला चालेल, मापं लिहिलेली हवीत. मंजूर नकाशा उपलब्ध असेल तर त्याच्याशी ताडून बघा, आणि फरक असेल तर तो नोंदवा.

आतला जिना धरा किंवा वगळा, पण धरलात तर एकदाच धरा आणि कुठल्या पातळीत ते लिहा. जिथे स्लॅब नाही, नुसती पोकळी आहे, ती कधीच धरू नका.

उतारावरच्या खालच्या पातळीचा निर्णय तीन गोष्टींवर करा : मोकळी उंची, उजेड-हवेसाठी बाहेर उघडणाऱ्या खिडक्या, आणि मंजूर नकाशातला वापर. या तिन्ही पुऱ्या होत असतील तर ती राहती जागा आहे. बाजारात अशा खोलीला थोडा कमी भाव येतो असं तुमचं मत असेल तर तो कमी दर वेगळ्या ओळीत लावा. क्षेत्र कापू नका. कोठी, माळे, कमी उंचीच्या जागा यांचंही तसंच : वेगळा रकाना, वेगळं मूल्य.

तुलनेच्या प्रत्येक विक्रीपुढे क्षेत्र कुठल्या मापाचं आहे ते लिहा.

बँकांनी रिपोर्टाची प्रत कर्जदाराला द्यावी आणि मोजमापातली चूक दाखवून देण्यासाठी त्याला ठरावीक मुदत द्यावी. मूल्याच्या मतावर वाद घालण्याची मुभा मी मागत नाही. फक्त फूट आणि इंच.

आणि व्हॅल्युअरांच्या संघटनांना विनंती : कंपनी कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांनी तुमच्याकडे सभासदांच्या शिक्षणाची आणि शिस्तीची जबाबदारी आलेली आहे. पायऱ्यांच्या घरांसाठी मोजणीची एक पानाची पद्धत तुम्ही ठरवा, मराठीत आणि इंग्रजीत प्रसिद्ध करा, म्हणजे घरमालकालाही आपल्या घरी काय मोजलं जाणार ते आधी कळेल. ती ठरवताना आमच्यासारख्या घरांत येऊन बघायचं असेल तर दार उघडं आहे. सोसायटीतल्या आणखी काही कुटुंबांनीही तयारी दाखवली आहे.

ताईचं आणि माझं आता बोलणं झालं आहे. पुढचा रिपोर्ट आम्ही दोघी मिळून एकाच व्हॅल्युअरकडून करून घेणार आहोत, दोघींच्या सहीने काम देणार आहोत, आणि वरचा तक्ता व सेक्शन त्यात असावा अशी लेखी अट घालणार आहोत. ज्या व्हॅल्युअरांना ही अट मान्य असेल त्यांनी तसं आपल्या फीच्या पत्रकात लिहावं. मुंबईत असे कोण कोण आहेत, हे आमच्यासारख्या अनेकांना जाणून घ्यायचं आहे.

आपली,
एक निवृत्त ड्राफ्ट्सवुमन
मुलुंड पश्चिम, मुंबई